घोडीला बैलाची म्होरकी

मी एकदा घोडीला बैलाची म्होरकी, म्हणजे तोंडाभोवती आवळायची दोरी, बांधली होती. वस्तू तशी घोड्याचीच, चांगली परदेशी, पार्सलने मागवलेली. बांधली मात्र मी बैलाला बांधतात तशी. तेव्हा मी तरुण होते, एकोणसाठ वर्षांची, आणि शाळेतून नुकतीच निवृत्त झाल्यामुळे मला जगातलं सगळं कळत होतं.

नारायण पेठेत निवृत्त बाईने काय करायचं हे आधीच ठरलेलं असतं. गुडघ्यांसाठी योगासनं, मनासाठी भजनी मंडळ, आणि उरलेल्या वेळात सुनेच्या फोडणीवर मत. मी घोड्यावर बसायला शिकायला लागले. माझं माहेर लोणी काळभोरचं, तिथेच एका तरुण शेतकऱ्याने आठ घोडे पाळून रायडिंगचे वर्ग काढले होते. मुलगा म्हणाला, हाडं मोडतील. मी म्हटलं, माझी आहेत. नवऱ्याने पेपरातून डोकंही वर न काढता विचारलं, "घोड्याला विचारलंस का?"

तर तिथे एक तांबडी घोडी होती. चालताना शहाणी. पण दुडक्या चालीला लागली की नाकात माशी शिरल्यासारखी मान वर फेकायची, एकदा, दोनदा, मग सारखीच. लगाम हातातून निसटायचा. शिकायला येणारे घाबरले, तिच्यावर बसेनात. शेवटी मालकाने एका शनिवारी सांगून टाकलं की सोमवारी वरातीचे घोडे पुरवणारी माणसं तिला बघायला येणार. तुम्ही पुण्यातली वरात पाहिली असेल. छाती हादरवणारा डीजे, डोळ्यांत जाणारे दिवे, वर फेटा बांधलेला घाबरलेला नवरदेव. मान झटकणाऱ्या घोडीचं तिथे काय होणार, हे मालकालाही कळत होतं. म्हणूनच तो बोलताना माझ्याकडे बघत नव्हता.

शिकवायला होते उस्ताद. सैन्यात घोड्यांवर आयुष्य काढून निवृत्त झालेले, मिशा पांढऱ्या, पाठ अजून सरळ. त्यांचा उपाय तयार होता. घोड्याच्या तोंडात लगामाची लोखंडी दांडी असते, ती कडियाळी. सध्याची साधी होती. त्यांना लांब दांड्यांची, हनुवटीखाली साखळी असलेली, जबर कडियाळी घालायची होती. तोंड घट्ट धरलं की मान आपोआप खाली येते, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना ऐकवलं की चौतीस वर्षं मी वर्गात तोंडं बंद करून पाहिली आहेत, मानेवर काही परिणाम होत नाही.

मी रात्री मोबाइलवर वाचून आधीच पंडित झाले होते. हॅकामोर नावाचा एक लगाम असतो, त्यात तोंडात लोखंडच नाही, सगळी ओढ नाकावरच्या पट्टीवर. मला तो कमालीचा सात्त्विक वाटला. मागवला, आणि त्या शनिवारी पिशवीतून घेऊनच गेले होते. उस्ताद चढवायला पुढे झाले तर मी त्यांना बाजूला केलं. शेतकऱ्याची मुलगी आहे, म्हटलं, जनावराच्या तोंडाला दोर बांधायला मला शिकवू नका. आणि लहानपणी आमच्या खिलारी बैलांना बांधायचे तशी ती पट्टी मी खाली, नाकपुड्यांच्या जरा वर, चांगली आवळून बांधली. वर बसले. पाच पावलं घोडी अगदी गप्प चालली. मी उस्तादांकडे असं पाहिलं, की आज आठवलं तरी माझी मला थोबाडीत द्यावीशी वाटते.

मग मी लगाम जरा ओढला. घोडीने मान अशी काही फेकली की मी आणि माझी सात्त्विकता दोघी एकदमच मातीत.

उस्ताद आधी घोडीकडे धावले. मला त्याचा राग आला नाही, मीही तेच केलं असतं. पट्टी सोडल्यावर तिने इतका लांब श्वास घेतला की मला बसल्या जागी लाज वाटली. उस्तादांनी माझा धड असलेला हात धरून तिच्या नाकावर ठेवला. इथपर्यंत हाड, त्याच्या खाली नुसती मऊ कूर्चा. बैल तोंडाने श्वास घेऊ शकतो, घोड्याला तेवढ्या दोन नाकपुड्याच. मी त्याच आवळल्या होत्या. मग पट्टी कुठे हवी ते दाखवायला त्यांनी ती वर, हाडावर धरली आणि गालाभोवती हलकेच ओढली. घोडीने पुन्हा मान झटकली.

आता माझं मनगट पेरूएवढं सुजलं होतं, पण डोकं चालायला लागलं. तोंडात लोखंड नाही. पट्टी जागेवर. तरी हिसका. म्हणजे दुखणं लगामात नव्हतंच, घोडीत होतं, आणि आम्ही दोघं शहाणे तिच्या दुखण्याला कुठली दोरी शोभेल यावर भांडत होतो.

मालकाने गाडी दारात आणली. मी बसले नाही. त्याला सांगितलं, आधी जनावरांच्या डॉक्टरला फोन, मग मी माझ्या डॉक्टरकडे.

"बाई, सोमवारी मान्सं येत्यात," तो काकुळतीला आला. "तुमचा हात बगा आदी."

"हात माझा आहे, तो कुठे जात नाही. घोडी चालली आहे. फोन लाव."

त्याने उस्तादांकडे पाहिलं. उस्ताद आभाळाकडे. दहा मिनिटं मी पागेच्या दगडावर बसून राहिले, आणि खरं सांगते, इतकं दुखत होतं की अजून दोन मिनिटं त्याने ताणलं असतं तर मी हरले असते. त्याने फोन लावला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, डॉक्टर आली. माझ्या मुलीच्या वयाची. मी प्लास्टरसकट हजर. मुलगा गाडीतच बसून राहिला होता, निषेध म्हणून. तिने घोडीला गुंगीचं इंजेक्शन दिलं, जबडा उघडा राहील असा सापळा लावला आणि बॅटरी घेऊन पार मागे पाहिलं. मग मला बोलावून मागच्या दाढांच्या कडेवरून माझं बोट फिरवलं. विळीच. आतून गालाला चिरा, एक जखम पिकलेली. घोड्याचे दात झिजताना कडेला धार धरतात, ती वेळेवर घासावी लागते, म्हणाली. कुठलाही पट्टा गाल दाबणार, कुठलीही कडियाळी गाल ओढणार, आणि दाढ कापणार. तिने लांब कानशीने दाढा घासल्या. सोमवारी वरातवाली माणसं आली, तेव्हा जखमी तोंडाची घोडी कशी दाखवू म्हणून मालकानेच त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

तीन आठवड्यांनी उस्ताद तिच्यावर बसले. आधी माझा हॅकामोर, योग्य जागी. ती चालली, पण नाकाला पट्टी लागली की कुरकुरायची. तो मी शिकवलेला धडा असावा. मग जाड, गुळगुळीत, रबर चढवलेली साधी कडियाळी. दुडक्या चालीत तीन फेऱ्या. मान जागच्या जागी. माझं तत्त्व हरलं, उस्तादांची साखळीही हरली, आणि मला त्यातल्या दुसऱ्या गोष्टीचा जास्त आनंद झाला, हे लपवत नाही. मालक कुंपणाला टेकून बराच वेळ बघत होता. राहू दे हितंच, एवढं म्हणून तो पाण्याची मोटर चालू करायला गेला.

उस्ताद उतरले, घोडी माझ्याजवळ आणून उभी केली आणि माझ्या प्लास्टरकडे पाहत म्हणाले, "बाई, मी तिचं तोंड पुढूनच पाहिलं होतं. हात बरा झाला की या. तोवर तिच्यावर दुसऱ्या कुणाला बसू देत नाही."