एका लग्नाच्या चार पावत्या

रोख रक्कम पुढे आली की भगवंतराव आधी दोन्ही हात पाठीमागे घ्यायचे. आर्णीतल्या आमच्या मंगल कार्यालयाचे ते व्यवस्थापक, मालक मी. वधूपित्याला खुर्ची द्यायचे, चहा सांगायचे आणि मग म्हणायचे, "चेक आना ना भाऊ. चेक बोलते, कोनी देल्ला, कवा देल्ला. नोटा मुक्या असतात." लोक हसायचे, पण चेक आणायचे. पंगतीत सापडलेली अंगठी परत करायला हा माणूस स्वतःच्या पेट्रोलनं दारव्ह्याला गेलेला मी पाहिलाय.

एकदा एक पार्टी सहा लाख रोख घेऊन आली. एका लग्नासाठी एकाच माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायची नाही, असा कायदा. घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्याला. मी स्वतःला फार हुशार समजायचो. म्हटलं, हॉल, जेवण, मांडव, रोषणाई अशा चार पावत्या करा, तारखा वेगवेगळ्या टाका, प्रत्येक दोन लाखांच्या आत.

"लगन एकच हाये ना भाऊ? मंग पावत्या चार कायले?"

"तुम्ही लिहा हो. कोण बघतंय?"

त्यांनी लिहिल्या.

वर्षभरात आयकर खात्याची चौकशी लागली. साहेबांनी चारही पावत्या शेजारी ठेवल्या. लग्न एक म्हणजे रक्कमही एकच धरणार, म्हणाले, आणि विचारलं, "हे कोणी केलं?" मी पटकन म्हणालो, "ते सगळं भगवंतराव पाहतात." लिहिताना लाज वाटते, पण असंच म्हणालो. भगवंतरावांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. "हो साहेब, अक्षर माहंच हाये."

दंड काही टळला नाही, तो मीच भरला. गावात मात्र पावत्यांचा घोळ त्यांच्या नावाला चिकटला. त्यांनी काम सोडलं. दुसऱ्या कोणी त्यांना गल्ल्यावर बसवलं नाही. तरी मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला घरी आले. "जेवाले या भाऊ, वैनीले घेऊन." चार लोकांत खरं सांगायचं ठरवून गेलो आणि जिलेबी खाऊन परत आलो.

मागच्या महिन्यात ते गेले. मोक्षधामात शोकसभा झाली. कोणीतरी म्हणालं, "मानूस देव होता, तेवढं पावत्यायचं सोडलं तं." मग जुना मालक म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मुलगी समोरच बसली होती. मी उठलो. म्हणालो, भगवंतराव फार वक्तशीर होते. आणि खाली बसलो.