दोन करवती

"कंप्युटरवर असंच दिसते, ताई." हे वाक्य ज्याने ज्याने मला ऐकवलं, त्या प्रत्येकाशी मी भांडले आहे आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. असंच दिसतं म्हणजे काय? कोणीतरी कुठलं तरी बटण दाबलं, म्हणून असं दिसतं. दुसरं दाबलं तर दुसरं दिसेल.

भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन काही वर्षं झाली होती. मी भंडाऱ्यात एका कंप्युटर क्लासमध्ये शिकवत होते आणि मोहाडीकडच्या आमच्या गावात आई अजून मागावर बसत होती. कोशाच्या रेशमाची करवतकाठी साडी विणायची ती. या साडीच्या काठाला करवतीसारखे दात असतात. ते छापलेले नसतात; अंगाचा एक आणि काठांचे दोन, असे आडवा धागा, म्हणजे बाणा, नेणारे तीन धोटे फिरवून, बाण्यात बाणा अडकवून ते विणावे लागतात. नागपूरच्या एका प्रदर्शनात हातमागवाल्यांना गाळे मिळणार होते. यंत्रमागाचा माल हातमागाचा म्हणून खपवणारे घुसू लागले होते, म्हणून अट अशी की साडी घरी विणतानाची फिल्म सीडीवर आणून दाखवा. आधीच्या खेपेला गाळा मिळाला नव्हता, आमच्या साड्या पेटीत पडून होत्या. आई म्हणाली, "याही खेपेले नाही म्हटलं तं माग खोलून टाकू. कायले जागा अडवून ठेवाची?"

लग्नांची शूटिंग करणाऱ्या एका भाऊंनी फिल्म काढली. टीव्हीवर ती छान दिसली. कंप्युटरवर लावली आणि आईचा हात हलला की हाताला दात फुटायचे, धोट्यालाही दात. यात जादू काही नाही. मागावर एक पाय दाबला की एक सोडून एक तार, म्हणजे उभा धागा, वर जाते, दुसरा दाबला की उरलेल्या. कॅमेराही चित्र तसंच दोन अर्धुकांत काढतो, आधी एकाआड एक रेषा, मग मधल्या. टीव्ही ती एकामागून एक दाखवतो. कंप्युटर दोन्ही एकात एक बसवून एकदम दाखवतो; तेवढ्यात हात पुढे सरकलेला असतो, म्हणून कडेला दात दिसतात.

मी भाऊंना फोन केला, त्यांचं ते 'असंच दिसते' ऐकून भांडले आणि माझ्या तोंडून विणकराच्या पोरीचा शब्द गेला : "भाऊ, ती करवत काढून टाका." भाऊ आज्ञाधारक. त्यांनी दोन्ही करवती काढल्या. सीडी आमच्या हातात पडली ती थेट बसस्टँडवर, ती न पाहताच निघालो.

नागपुरात प्रदर्शनाच्या साहेबांनी ती लावली आणि हसू लागले. "तीन धोटे म्हणता ना तुम्ही? मले तं सहा दिसून राहिले. अन् काठ तं प्लेन आहे, बाई." खरंच होतं. भाऊंनी दोन्ही अर्धुकं एकमेकांत कालवली होती, म्हणून प्रत्येक धोट्यामागे त्याचं भूत पळत होतं. शिवाय चित्र लहान करताना कडा पुसणारा मऊ फिल्टर लावला होता. आईने घातलेले सगळे दात वितळून लाल पट्टी झाली होती.  घरी आल्यावर आईने माग खोलायला त्याची दोरी सोडायला घेतली. माझं डोकं असं फिरलं की मी तिचा हातच धरला. म्हटलं, थांब, एकदा मी पाहते.

साहेबांनी पुढच्या सोमवारपर्यंत सवड दिली होती. भाऊंकडून मूळ टेप आणली आणि क्लासच्या कंप्युटरवर बसले. पहिला उपाय सोपा, एक अर्धूक फेकून द्यायचं. दात गेले, पण बारीक तारही गेली आणि काठ पायऱ्यापायऱ्यांचा झाला. कालवण्याचा उपाय तर पाहूनच झाला होता. शेवटी असा फिल्टर सापडला की जे स्थिर आहे तिथे दोन्ही अर्धुकं जोडून ठेवायची आणि जे हलतं तिथे एकेका अर्धुकाचं वेगळं, पूर्ण चित्र करायचं. चित्रं दुप्पट झाली, कंप्युटर दिवसभर घरघरत राहिला, पण धोटे तीनच दिसले. मग आकार. टेपवरचं चित्र मुळात अरुंद साठवलेलं असतं. तसंच ठेवलं तर आई वाळलेली दिसायची. आईला दाखवलं तर तिला स्वतःचं काहीच वाटलं नाही. म्हणाली, "साडीचा पन्हा काहून कमी केला?" पन्हा पुरा केला. मऊ फिल्टर टाकून धारदार घेतला. त्याने कडांना पांढरी झाक येते. येऊ दे म्हटलं.

भाऊ म्हणाले, "एवढी जड फाईल त्यायच्या कंप्युटरवर अडकत चालन, ताई. लहान करा."

"नाही करत. आपलाच कंप्युटर नेते."

आणि नेला. क्लासच्या सरांना विचारून कंप्युटरचा डबा आईच्या जुन्या लुगड्यात बांधला, एसटीत मांडीवर घेतला. कंडक्टरने विचारलं, टीव्ही बिघडला का? मी म्हटलं, नाही, सुधारला.

साहेबांचं कपाळ आठ्यांनी भरलं. पण त्यांनी आपल्या स्क्रीनची वायर जोडू दिली. फिल्म लागली. आईचे हात, तीन धोटे, काठावर उगवणारा एकेक दात.  मग साहेब म्हणाले, "बाकी मस्त आहे. पण हा काठ एवढा दातेरी काहून दिसून राहिला? तुमच्या कंप्युटरमध्ये काही असन नं, हे दात काढाचं?"

मी तोंड उघडणार तोच आई पुढे झाली. अंगावरच्या साडीचा काठ तिने स्क्रीनला भिडवला.

"हे नाही निघत, साहेब. हे मी घातले आहेत."

साहेबांनी एकदा काठ पाहिला, एकदा स्क्रीन, आणि गाळ्याच्या कागदावर सही केली. गाळा मिळाला, पण कोपऱ्यातला. परतीच्या एसटीत आई खिडकीशी बसली होती, डबा माझ्या मांडीवर. गाव जवळ आल्यावर ती म्हणाली, "घरी गेल्यावर मागाची दोरी ताणून बांधाची आहे. आठवण ठेवजो."