आमच्या ओसरीवर झोपलेले पाळकसाहेब

आदरणीय शमुवेल साळवे पाळकसाहेब साठ वर्षांचे होत आहेत. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली गृहिणी. महिला मंडळाचा हिशेब लिहिते, लेख कधी लिहिला नाही. पण मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, आग्रह मोडवला नाही.

साहेब जळगावला नवे आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सायकलवरून आमच्याकडे भेटीला आले. चहात साखर टाकणार तोच म्हणाले, "बाई, घरोघरी गोड पिऊन आलोय, इथे बिनसाखरेचा द्या." आमची साखर वाचली. माणूस चांगला, हे मी तेव्हाच ओळखले.

त्यांच्याकडे 'नाही' हा शब्दच नव्हता. सकाळी जळगावची उपासना, दुपारी एस.टी.ने पहूर, कधी रावेर. माझे यजमान धुळ्याला दवाखान्यात होते, तेव्हा साहेब तिथेही आले. प्रार्थना केली आणि जाता जाता आमचा थर्मास विसळून, गरम पाणी भरून ठेवून गेले. पाळकीणबाई म्हणत, "साहेबांना भेटायचं तर मलाही आजारी पडावं लागेल."

आम्हा सर्वांची एक समजूत होती. पाळक आल्याशिवाय घरची प्रार्थना देवापर्यंत पोचतच नाही. त्यामुळे नाताळाआधीच्या घरप्रार्थनांना साहेब प्रत्येक घरी हवेच असत. अशाच एका वर्षी त्यांनी यजमानांना सांगितले, की नाताळ झाला की राजीनामा देतो. म्हणाले, "प्रार्थना ओठावर येते, आत काही हलत नाही." यजमानांनी घरी येऊन ते मला सांगितले.

त्याच आठवड्यात आमच्या घरची प्रार्थना होती. गीत झाले. साहेब उभे राहिले, डोळे मिटले आणि तसेच उभे राहिले. शब्दच फुटेना. लोक एकमेकांकडे पाहू लागले. मग साहेब खाली बसले आणि माझ्या सासूबाईंना हळूच म्हणाले, "अक्का, आज तुम्ही प्रार्थना करा."

सासूबाई साक्रीकडच्या. चारचौघांत त्यांनी कधी प्रार्थना केली नव्हती. पदर सावरून त्या आपल्या अहिराणी बोलीत म्हणाल्या, "देवा, हाई मंडळी तुनी शे, साहेबनी नही. तू बठ्ठासले सांभाळ. यासले आते जरा झोपू दे. आमेन." सगळ्यांना तू सांभाळ आणि यांना आता जरा झोपू दे, एवढेच मागणे.

साहेब हसले, मग रडले. सासूबाईंनी त्यांना ओसरीतल्या बाजेवर आडवे केले आणि ते खरेच झोपले. पुढच्या घरी लोक वाट पाहत होते. आम्ही बायाच गेलो, अडखळत प्रार्थना केली. त्या घरच्यांनी आम्हाला चहा दिला, म्हणजे ती प्रार्थना त्यांना चालली असावी.

राजीनाम्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. साहेब पहाटे आधी देवापुढे बसू लागले, मग दार उघडू लागले. सोमवार विश्रांतीचा, त्या दिवशी सायकल घरीच. एका आबांनी टोमणा मारला, "मी सोमवारी मेलो तर?" साहेब म्हणाले, "न्यायला देव येईल, आबा. मातीला मी मंगळवारी येतो." मयतीला मात्र ते सोमवारीही आले, हे लिहायलाच हवे. थकत होतेच, पण आता थकलो म्हणून सांगत, आणि एखाद्या घरी आम्हाला पाठवत. आज आमच्या मंडळीत प्रार्थना करू शकत नाही असे घर नाही. त्यांच्या सेवेचे हे फळ मला सर्वांत मोठे वाटते.

प्रभू त्यांना आणि पाळकीणबाईंना उदंड, निरोगी आयुष्य देवो. साहेब, आमची काळजी करू नका. ज्याची मंडळी आहे, तो जागा आहे.