वहिनींनी तपासलंय

लग्नाआधी पुण्याच्या कोर्टात मी तीन वर्षं दिवाणी दावे चालवले. म्हणजे सिनियर चालवायचे आणि मी तारखा घ्यायचे, पण कागद वाचायला मी तिथेच शिकले. लग्नानंतर डब्लिनला आले, ओहायोतल्या, आणि डिपेंडंट व्हिसा हा काय प्रकार असतो ते कळलं. या व्हिसावर बायकोला खाता येतं, झोपता येतं, पॉटलकला पन्नास माणसांचे छोले करता येतात. फक्त पैसे मिळतील असं काही करता येत नाही. फुकट मात्र वाटेल तेवढं राबा, सरकारची ना नाही.

आमच्या मंडळींना हा नियम फार आवडला. कुणाचं अपार्टमेंटचं लीज, कुणाला मिळालेलं ट्रॅफिकचं तिकीट, सगळं घेऊन लोक माझ्याकडे यायचे. "वहिनी, तुम्ही वकील ना? एकच क्विक क्वेश्चन होता." माझी सनद इथे चालत नाही, हे मी प्रत्येकाला बजावून सांगायचे. "असू द्या हो, घरातलंच काम आहे," असं म्हणत ते कागद पुढे सरकवायचे. त्यांना फी वाचवायची होती आणि मला कुणीतरी वकील म्हणायला हवं होतं.

२००५ असेल. ज्याला त्याला घरांच्या धंद्याचं वेड लागलं होतं. नवऱ्याच्या ऑफिसातला एक मित्र विमानतळाजवळच्या हॉटेलात दोन दिवसांचं शिबिर करून आला. सोबत जाड फाइल आणि चेहऱ्यावर तेज. सोमवार ते शुक्रवार तो विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा. त्या शनिवारी सकाळी मात्र आमच्या डायनिंग टेबलाशी तो उद्योगपती होऊन बसला.

"सिंपल आहे वहिनी. घर आपण घ्यायचंच नाही. ओनरबरोबर कमी किमतीचं कॉन्ट्रॅक्ट साइन करायचं आणि ते कॉन्ट्रॅक्ट दुसऱ्या इन्व्हेस्टरला विकायचं. मधला फरक आपला. होलसेलिंग म्हणतात याला."

"आमच्याकडे दलाली म्हणतात."

"तेच विचारायचंय. लायसन्स लागेल का?"

मग त्याने वहीत लिहून आणलेले प्रश्न काढले. जे घर आपलं नाही त्याची जाहिरात देता येते का? आपण तिथे राहायला येणार नाही, हे ओनरला सांगावं लागतं का? इन्व्हेस्टर मिळालाच नाही तर सुटायचं कसं? त्याचं ग्रीन कार्ड नुकतंच आलं होतं, त्यामुळे व्हिसाची धास्ती त्याला उरली नव्हती. ती मला पुरत होती.

खरं सांगते, ते प्रश्न ऐकून मला भूक लागल्यासारखं झालं. इथे आल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी ट्रॅफिकच्या तिकिटापेक्षा बरं काही आणलं होतं. मी लायब्ररीत जाऊन ओहायोचे कायदे चाळले आणि पुढच्या शनिवारी उत्तरं दिली. घर विकतोय असं कुठेही लिहू नका, माझं कॉन्ट्रॅक्ट विकतोय असं लिहा. दुसऱ्याचं घर विकायला लायसन्स लागतं, स्वतःचा हक्क विकायला बहुधा नाही. करारात 'खरेदीदार किंवा तो नेमेल ती व्यक्ती' असे शब्द घाला. ओनरला तोंडी समजावून सांगितलंत तर उत्तम, पण कागदावर असलं की पुरे. त्या शेवटच्या वाक्याचा मला आजही राग येतो.

शिबिरात मिळालेला करार म्हणजे चार राज्यांतल्या कागदांची गोधडी होती. त्यात एक कलम असं होतं की सौदा पूर्ण होण्याआधी घरमालक लेखी कळवून माघार घेऊ शकेल. उद्योगपतींना ते दिसलंच नव्हतं.

"उद्या ओनरला जास्त किंमत मिळाली की तुम्ही बसाल हात चोळत," असं म्हणून मी ते लाल पेनाने उडवलं. खरेदीदाराला मात्र हवं तेव्हा बाहेर पडता येईल, असं एक वाक्य घातलं. विक्रेत्याच्या नावाची जागा कोरी होती. तिथे कुणाचं नाव येणार, हे मी विचारलं नाही.

"वहिनी, यू आर वेस्टेड हिअर," तो म्हणाला. या वाक्यावर मी आठवडाभर हवेत होते.

आता काकूंबद्दल सांगायला हवं. त्या डब्लिनला आमच्या वीस वर्षं आधी आलेल्या. काका गेल्यावर चार बेडरूमच्या घरात एकट्याच राहायच्या. मला गाडी चालवायला त्यांनी शिकवलं, चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये, स्वतःच्या गाडीत, जिवावर उदार होऊन. ओहायोत माझ्याकडे एकच लायसन्स होतं आणि ते त्यांच्यामुळे. घर विकून त्यांना सिअॅटलला मुलाजवळ जायचं होतं. "त्याच्या गावात, पण त्याच्या घरात नाही गं," त्या म्हणायच्या. "दोन खोल्या आणि माझी स्वतःची किल्ली." या घराचे जे पैसे येतील, त्यातूनच त्या दोन खोल्या यायच्या होत्या.

दिवाळीच्या आधी त्या चिवड्याचा डबा घेऊन आल्या. "विकलं बाई घर!" म्हणत त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढून मला दिला. पहिल्याच परिच्छेदात मला माझे शब्द दिसले. मग किंमत दिसली. त्याच रस्त्यावरचं, त्यांच्याहून लहान घर उन्हाळ्यात याच्या दीडपट किमतीला गेलं होतं.

"काकू, सही करण्याआधी वाचलंत का हे?"

"मी कशाला वाचू? तो म्हणाला, वहिनींनी तपासलंय. मग मी म्हटलं, आण पेन."

त्या गेल्यावर मी त्याला फोन केला आणि करार फाडायला सांगितलं.

"अहो पण का? काकूंना घाई होती, एजंटचं कमिशन वाचलं, इन्व्हेस्टरपण मिळालाय. एव्हरीथिंग इज लीगल वहिनी, तुम्हीच सांगितलंत."

"तुम्ही राहायला येणार नाही, हे त्यांना सांगितलंत?"

"कागदावर आहे ना."

तीन दिवस मी स्वतःचाच करार पुढ्यात घेऊन पळवाट शोधत बसले. काकूंना खऱ्या वकिलाकडे पाठवावं, हे मला पहिल्याच दिवशी सुचलं होतं. पण तो विचारणार, ही कलमं कुणी लिहिली? मग सनद नसताना वकिली करणारी डिपेंडंट बायको उघडी पडणार. मी घाबरले. पळवाटही सापडली नाही. काम अगदी चोख झालं होतं.

चौथ्या दिवशी काकूंचाच फोन आला. "त्या कागदात काही चुकलं नाही ना गं?"

"नाही काकू," मी म्हणाले. "कागद पक्का आहे."

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

पुढच्या दिवाळीला त्यांचं कार्ड आलं. पाकिटावर पाठवणाऱ्याच्या पत्त्यात मुलाचं नाव होतं आणि त्याआधी 'द्वारा'. आत लिहिलं होतं की तब्येत बरी आहे, नातवंडं मराठीत उत्तर देत नाहीत, त्यांना वरच्या मजल्यावरची खोली दिली आहे, ऊन चांगलं येतं. दोन खोल्यांचा उल्लेख नव्हता. शेवटी बारीक अक्षरात चार ओळी होत्या. "इथे माझ्या ओळखीच्या एकींना घर विकायचंय. एक माणूस कागद घेऊन आलाय. मी त्यांना तुझा नंबर दिलाय. म्हटलं, आमच्या पोरीला दाखवा आणि मग डोळे मिटून सही करा."