मास्तरांचं बंदर

“थांबा हो, अजून पुसून राहिलो.” शेजारच्या मास्तरांना कधीही हाक मारा, उत्तर हेच. हात कोपरापर्यंत काळे आणि पुढ्यात तांब्याचा पत्रा.

तुम्ही अमरावतीत कधी बंदर पाहिलं? मी पाहिलं. मास्तर शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. तरुणपणी कलकत्त्याला शिकायला होते, तिथलं नदीकाठचं बंदर डोक्यात घेऊन आले. क्रेना, चिमण्या, धूर, मालाच्या बोटी. सगळं सुईनं पत्र्यावर कोरायचं, तेजाबात बुडवायचं, शाई भरायची आणि वरची पुसून काढायची. शाई फक्त रेघेत राहिली पाहिजे. मग ओला कागद ठेवून छापायच्या यंत्राच्या रुळाखालून काढायचा. त्यांचा खांदा गेलेला, म्हणून यंत्राचं चाक मी फिरवायचो. भाजीबाजारातून आलो की तेच काम.

“एवढा धूर काढता, अन् नदी पांढरी कावून पायजे?” मी विचारलं.

“एका सकाळी तशी दिसली होती, भाऊ. तशीच उतरली पायजे.”

उतरत नव्हती. कुठंतरी डाग राहायचाच.

पुसायला त्यांना धुऊन धुऊन मऊ पडलेलं सुती लुगडं लागे. नव्या कापडाला खळ असते, ते रेघेतली शाईही ओढून घेतं. लुगडी आमच्या घरून जात. आमची बायको देताना ऐकवायची, “काहो मास्तर, माह्या लुगड्यावर तुमचं बंदर चालू हाय. मले एखांद्या बोटीत त बसवा!”

“तुमी बसल्या त बोट बुडते न, वहिनी!”

ती हसायची अन् अजून एक तुकडा फाडून द्यायची.

ती गेली. सुनेनं कपडे वाटून टाकले. एक लुगडं मी उशीखाली ठेवलं. मास्तर भेटायला आले, चहा पिऊन गेले. कापडाचं बोलले नाहीत.

पुढं मास्तरांचा मुलगा त्यांना अकोल्याला न्यायला आला. यंत्र भंगारात जाणार होतं. मास्तर शेवटचा कागद काढत होते, नव्या मलमलीनं पुसून. अर्ध्या बोटी गायब. मी घरी गेलो, लुगडं आणलं.

“घ्या.”

त्यांनी ओळखलं. “हे शेवटचं हाय न?”

“मंग काय मी नेसू?”

“घरी नेऊन ठेवा.”

“अन् तुमची नदी?”

“ठेवा म्हटलं न!” मास्तर माझ्यावर पहिल्यांदाच ओरडले.

परत शाई भरली आणि तळहातानं पुसत बसले. मी चाक फिरवलं. बोटी आल्या, क्रेना आल्या, धूर आला. नदी मात्र या काठापासून त्या काठापर्यंत मळकट. मास्तर बघत राहिले. मग पेन्सिलीनं खाली सही केली आणि कागद माझ्या हातात दिला.

अकोल्यातच गेले ते. मला कळलं तेव्हा अस्थीही सावडून झाल्या होत्या.

चित्र माझ्या खोलीत आहे. येणारे विचारतात, “पुराचं पाणी हाय काय, बुवा?”

मी हो म्हणतो.