जाळीमागचा सेन्सर

लातूरला छातीच्या डॉक्टरांकडून बाहेर पडल्यावर आई म्हणाली, "तू गाडी घेऊन ये. मी एसटीनं जाते."

तिला दमा आहे. एसटीच्या उघड्या खिडकीतली धूळ सोसत नाही म्हणून मी ही गाडी घेतली होती, आणि बसचा प्रवास नको हे डॉक्टरांनी दहा मिनिटांपूर्वीच बजावलं होतं.

"धुळीनं मरायचं तेव्हा मरीन," ती म्हणाली. "तुझ्या गाडीत आत्ताच जीव गुदमरून राहिला."

इथेच कुणाला तरी गाडी दाखवतो म्हणून मी तिच्याकडून एक तास मागून घेतला.

गाडी जुनी घेतलेली, पण सोयींची. अशा गाडीत पुढच्या जाळीमागे, रेडिएटरसमोर, काड्यापेटीएवढा सेन्सर असतो. बाहेरच्या हवेत धूर किंवा इंधनाची वाफ लागली की तो एसीची झडप बंद करवतो आणि आतलीच हवा फिरत राहते. हवा सुधारली की झडप उघडते. आमच्या गाडीत ती उघडत नव्हती. नांदेडहून निघून लोहा येईपर्यंत आई पदरानं वारा घ्यायला लागायची. बटण दाबून झडप मीच उघडली, तर तिला खोकल्याची उबळ यायची.

बातमीदारीमुळे नोंदी ठेवायची सवय आहे. तीन खेपांच्या नोंदी वहीत होत्या: वेळ, ठिकाण, ऊन, पुढची वाहनं, झडप किती वेळ बंद. नांदेडच्या गॅरेजात गाडी दोनदा दाखवली. दोन्ही वेळा लातूरहून परतल्यावर आठवडाभरानं. फ्यूज ठीक, वायर ठीक, कॉम्प्युटर लावला तर त्यातही दोष नाही. दुसऱ्या वेळी त्यांनी सेन्सरच बदलला. आज नव्या सेन्सरनंही तेच केलं.

बसस्टँडच्या मागच्या गल्लीत गाड्यांच्या एसीचं काम करणारे एक मिस्त्री आहेत. साठी उलटलेली, पांढरी दाढी, सगळे त्यांना चाचा म्हणतात. आईला त्यांनी पंख्यासमोर स्टूल दिलं आणि माझी वही चाळली.

"लई लिवलंय साहेब. निघतं काय ह्यातून?"

"सेन्सर खराब आहे."

"नवा हाय ना?"

"नवाही खराब निघाला."

"दोन्ही खराब, अन् दोघांची खोड एकच?" त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली.

ते कामाला लागले. सेन्सर जागेवरून काढला, वायर न तोडता मधे आणखी पाचसहा हात वायर जोडली आणि तो गाडीपासून लांब, एका रिकाम्या डब्यावर ठेवला. इंजिन सुरू केलं. पाचेक मिनिटांनी डॅशबोर्डच्या मागून बारीक टक् असा आवाज आला. झडप उघडली होती. सेन्सर पुन्हा जाळीमागे नेला. थोड्या वेळात झडप बंद. हे त्यांनी दोनदा करून दाखवलं. मग जाळीच्या आतल्या बाजूनं बोट फिरवलं, हुंगलं आणि माझ्या नाकासमोर धरलं.

"धुतली कधी?"

"काल."

"मागल्या खेपेला?"

"निघायच्या आदल्या दिवशी."

"अन् शेवटी डिझेल?"

मी हो म्हणालो. आमच्याकडे गाडी धुऊन झाली की खालून आणि बॉनेटच्या आतून डिझेलचा फवारा मारतात. गंज धरत नाही, काळं प्लास्टिक चमकतं. धुणारा विचारतो, "डिझेल मारू का?" आणि गिऱ्हाईक मार म्हणतं. मीही दर वेळी म्हणत आलो होतो. आईला न्यायचं तर गाडी स्वच्छ हवी, हा आग्रह माझाच होता. गॅरेजात गाडी जाईपर्यंत ते डिझेल उन्हानं उडून गेलेलं असायचं.

"सेन्सर खरं बोलून राहिला," चाचा म्हणाले. "तुम्ही त्याच्या नाकाला डिझेल चोळता, अन् वर म्हणता वास घेऊ नको."

स्टुलावरून आई म्हणाली, "मी पहिल्या खेपेपासून सांगून राहिले, गाडीत रॉकेलचा वास येतो म्हणून. ह्यानं लिहून घेतलं का बघा."

लिहून घेतलं होतं. पहिल्या खेपेला: आईला वास, पुढे ट्रक. दुसऱ्या खेपेला: आईला वास, ट्रक असावा. तिसऱ्या खेपेला नुसतं: वास, नेहमीचा. दुसऱ्या कुणी बातमीत अशी ओळ पाठवली असती तर मी ती परत केली असती. ट्रक कुणी पाहिला, हे आधी विचारलं असतं.

"अम्मा, गाडीवर प्रेस लिवलंय. पोरगा पेपरवाला हाय ना तुमचा?" चाचा म्हणाले. "ह्या लोकांना घरची बातमी दिसत न्हाई."

"हाव. जगाची दिसते," आई म्हणाली.

सेन्सर बाजूला ठेवून त्यांनी जाळी, बंपरची आतली बाजू आणि बॉनेटची कड साबणाच्या पाण्यानं तीनदा धुतली, हवेच्या नळीनं सुकवली. सेन्सर जागेवर बसवला. झडप उघडली आणि उघडीच राहिली. मग डिझेलचं फडकं जाळीसमोर धरलं. झडप बंद. फडकं लांब नेल्यावर काही वेळानं पुन्हा टक्.

"आता कुनी विचारलं तर पानी मार म्हना, बास," चाचा मला म्हणाले.

आई उठली. "बसते. पण लोह्यापर्यंतच बघीन. गुदमरलं तर तिथून एसटी."

अहमदपूरच्या अलीकडे एका ट्रकमागे झडप बंद झाली. ट्रकला मागे टाकल्यावर तिची तीच उघडली. आई खिडकीतून सोयाबीनची रानं बघत होती. पदर खांद्यावरच होता.

लोह्याच्या चौकाआधी ती म्हणाली, "थांबव."

मी गाडी कडेला घेतली. हात आपोआप काचेच्या बटणाकडे गेला.

"काच कशाला? चहा घ्यायचाय."

टपरीवर तिनं अर्धा कप मागवला आणि सावकाश प्यायली. समोरून नांदेडची एसटी गेली. तिनं कप ठेवला, गाडीत जाऊन बसली आणि दार ओढून घेतलं.