बटाट्याचा बैल

आमच्या अमरावतीच्या गल्लीतल्या शेजारच्या काकूंना कुणाचं कौतुक करताना मी कधी ऐकलं नाही. तरी पोरांच्या तान्ह्या पोळ्याच्या आदल्या दिवशी सगळी पोरं त्यांच्याच ओसरीवर बटाट्यांचे बैल करायला बसतात. आगपेटीच्या काड्यांचे पाय, लवंगांचे डोळे, मिरचीच्या टोकांची शिंगं. मोठ्यांनी मदत करायची नाही, हा काकूंचा कायदा.

यंदा माझ्या लेकीचा बैल उभाच राहीना. मी पुढे सरसावलो.

"भाऊ, हात नोका लावू! काहून पडून राहिला ते तिचं तिले पाहू द्या."

लेकीनं काड्या पुढेमागे रोवून पाहिल्या, बटाटा फिरवून पाहिला. तिचे डोळे भरून आले, तरी काकू जागच्या हलल्या नाहीत. मला रागच आला त्यांचा. शेवटी लेकीनं चारही पाय उपटले आणि बैल खाली बसवला.

दुसऱ्या दिवशी ओळीत सगळे बैल ऐटीत उभे होते. "हिचा बैल लंगडा!" कुणीतरी ओरडलं. काकू आरतीचं ताट घेऊन थेट त्या बसलेल्या बैलापुढे आल्या आणि पहिलं कुंकू त्याला लावलं.

"पोळ्याले तरी बसू द्या ना त्याले. वर्षभर उभाच रायते तो."